पोटगी मुलाची, भेटही मुलाचीच: वेगळं राहणाऱ्या आईवडिलांसाठी कायदा काय म्हणतो

एखाद्या क्रिकेटपटूचा किंवा नटाचा घटस्फोट झाला की चार दिवस मोबाइलवर एकच विषय चालतो: पोटगी किती कोटींची? तिला एवढे कशाला, त्याला कसा लुटला, सगळे आपापली मतं मोकळी करतात. त्या आकड्यात मुलाचा वाटा किती, मूल आता कुणाकडे राहणार, दुसऱ्याला ते कधी दिसणार, हे मात्र कुणी विचारत नाही. कौटुंबिक न्यायालयाच्या बाहेर बाकावर तारखेची वाट बघत बसलेल्यांना कोटींशी काही देणंघेणं नसतं. त्यांचे प्रश्न जमिनीवरचे असतात. जूनमध्ये शाळेची फी कोण भरणार? गणपतीत मूल कुणाच्या घरी? आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा: त्याने पैसे थांबवलेत, तर मी मुलाची भेट थांबवू का?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. नाही थांबवता येत. उलट बाजूनेही तेच: ती भेटू देत नाही म्हणून पैसे थांबवता येत नाहीत. कायद्याच्या नजरेत हा पैसा मुलाचा आहे आणि ती भेटही मुलाची आहे. आईवडिलांनी आपसात देवाणघेवाण करावी अशा त्या वस्तूच नाहीत. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचा बराच कायदा आपोआप कळतो.

पालकत्व एक, ताबा दुसरा

चार शब्द एकदा नीट समजून घेऊ. पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीने मोठे निर्णय घेण्याचा आणि सही करण्याचा कायदेशीर अधिकार: ऑपरेशन, पासपोर्ट, बँकेतलं खातं, मुलाच्या नावावरची मालमत्ता. ताबा म्हणजे मूल रोज कुणाच्या घरी जेवतं, झोपतं आणि कुठून शाळेत जातं. ज्याच्याकडे ताबा नाही त्याने मुलाला भेटण्याची ठरवून दिलेली वेळ म्हणजे भेटीचा हक्क. आणि मुलाची पोटगी म्हणजे त्याच्या दुधापासून शिक्षणापर्यंतच्या खर्चातला वाटा.

लोकांचा घोळ होतो तो पहिल्या दोन शब्दांत. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि शेत कसणारा दुसरा, हे आपल्याकडे नवीन नाही. तसंच मूल आईकडे राहतं म्हणून बापाचं पालकत्व पुसलं जात नाही, आणि बाप कागदोपत्री पालक आहे म्हणून त्याला शाळेच्या फाटकातून मूल परस्पर उचलून नेता येत नाही. तुलना इथेच सोडते, कारण मूल म्हणजे जमीन नव्हे. मुलं ही आईबापांची मालमत्ता नाहीत आणि खेळणीही नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाला १९७३ सालीच स्पष्ट सांगावं लागलं होतं.

हिंदू कुटुंबांना १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व कायदा लागू होतो (कायद्याच्या भाषेत अज्ञान म्हणजे १८ वर्षांखालचं मूल). त्यात पालक म्हणून आधी बाप आणि त्याच्यानंतर आई, असा क्रम लिहिलेला आहे. मग बाप जिवंत असेपर्यंत आईच्या सहीला किंमतच नाही का? हा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला तो एका साध्या गुंतवणुकीवरून. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला होता. बापाची सही हवी, म्हणून तो परत आला. १९९९ मध्ये निकाल लागला: बाप मुलाची जबाबदारी घेतच नसेल, दूर असेल, किंवा दोघांनी आपसात तसं ठरवलं असेल, तर तो हयात असतानाही आई कायद्याने पालक ठरते. कायद्यातलं वाक्य मात्र अजून जसंच्या तसं आहे, आणि काउंटरवरचा कारकून वाक्य वाचतो, निकाल वाचत नाही. त्यामुळे ताब्याचा आदेश हातात पडला की त्याची प्रमाणित प्रत काढून ठेवावी. बँकेत, शाळेत, पासपोर्टच्या कार्यालयात तीच कामाला येते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लावणं सक्तीचं झालंय. चांगलंच आहे. पण नाव लागणं आणि निर्णयाचा अधिकार मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

इतर धर्मांच्या कुटुंबांना आपापले कायदे आहेत आणि सगळ्यांच्या डोक्यावर १८९० चा पालक व पाल्य कायदा आहे. तपशील बदलतात, पण ताब्याच्या वादात न्यायाधीश शेवटी एकाच कसोटीवर येतात: मुलाचं हित. १९५६ च्या कायद्यात तर हे हितच सर्वोच्च, असं कलम १३ मध्ये सरळ लिहिलंय.

पाच वर्षांपर्यंत आईकडे, मग बापाकडे?

अर्धं खरं. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं, असं त्याच १९५६ च्या कायद्याचं कलम ६ सांगतं. गोव्यातून वर गेलेल्या एका प्रकरणात २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी घट्ट केलं: इतक्या लहान मुलासाठी आई योग्य आहे हे तिने सिद्ध करायचं नाही, ती अयोग्य आहे हे बापाने सिद्ध करायचं.

पण पाचव्या वाढदिवसाला मूल बापाच्या हवाली करायचं, असं कुठेही लिहिलेलं नाही. पाचनंतर एवढंच होतं की आईच्या बाजूने धरलेलं गृहीतक संपतं आणि दोघं एका रेषेवर येतात. तेव्हा न्यायालय बघतं ते फार घरगुती असतं. मूल आत्ता कुठे रुळलंय? शाळा कोणती, किती लांब? आई किंवा बाप कामावर गेल्यावर घरी कोण असतं? आजी आहे, तर तिला मुलामागे धावणं झेपतं का? शाळेच्या पालकसभेला आजवर कोण गेलं? ताप आला तेव्हा दवाखान्यात कोण घेऊन गेलं? घरात मारहाण, व्यसन आहे का? माझा फ्लॅट तीन खोल्यांचा आणि तिचा एकच खोलीचा, हा मुद्दा मोठ्या आवाजात मांडला जातो आणि बहुतेक वेळा तिथेच विरतो. ज्याची मिळकत जास्त त्याने जास्त पोटगी द्यावी, मूल त्याच्याकडेच जावं असं नाही.

मुलाला विचारतात का? विचारतात. मूल स्वतःचं डोकं चालवून सांगण्याएवढं मोठं असेल तर त्याची पसंती लक्षात घ्यावी, असं १८९० च्या कायद्यातच आहे. न्यायाधीश बहुधा आपल्या दालनात, आईवडिलांना बाहेर बसवून मुलाशी बोलतात. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात, तेही बोलतात. पण मुलाचा शब्द म्हणजे निकाल नव्हे. आठ वर्षांचा मुलगा "मला बाबांकडे जायचंच नाही" म्हणतो, तेव्हा ते त्याचं स्वतःचं आहे की महिनाभर कानांवर पडलेलं, हे समुपदेशकाला ओळखावं लागतं. शब्द मोठ्यांचे असतात. "बाबा खर्चाला पैसे देत नाहीत" हे वाक्य आठ वर्षांच्या मुलाला आपणहून सुचत नाही. मुलाचं मन एकाविरुद्ध असं कलुषित करणं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात गंभीरपणे घेतलंय, आणि ते उघड झालं की ताबा असलेल्याचीच बाजू लंगडी पडते.

भेटीचा कागद कसा असावा

सहमतीने वेगळे होणारे नवराबायको एक तडजोडपत्र लिहितात, कोर्टात त्याला सगळे कन्सेंट टर्म्स म्हणतात. पैशाच्या आणि दागिन्यांच्या कलमांवर सहा-सहा महिने घासाघीस होते. मग भेटीचं कलम येतं आणि दीड ओळीत उरकलं जातं: "वडिलांना मुलास सोयीनुसार भेटता येईल." पुढची पाच वर्षं भांडण होणार ते याच दीड ओळीवरून. कुणाच्या सोयीनुसार?

भेटीचं कलम कंटाळवाणं वाटेल इतकं तपशिलात असायला हवं. पहिला आणि तिसरा शनिवार, सकाळी १० पासून रविवारी संध्याकाळी ६ पर्यंत, रात्रीच्या मुक्कामासह. आणायला कोण जाणार, सोडायला कोण येणार. सोसायटीच्या गेटवर की घरात. दिवाळीची सुट्टी निम्मी-निम्मी. सम वर्षी पाडवा आईकडे, विषम वर्षी बापाकडे. ज्याच्या घरी गणपती बसतो त्याच्याकडे पहिले दोन दिवस. मे महिना दोन तुकड्यांत. परीक्षेच्या आठवड्यात काय. मूल आजारी असेल तर बुडालेली भेट कधी भरून काढायची. शहराबाहेर न्यायचं तर किती दिवस आधी सांगायचं. पासपोर्ट कुणाच्या कपाटात राहील. शाळेच्या ग्रुपवर दोघांचेही नंबर असतील का. आणि दमा असलेल्या मुलाचा पंप: तो बॅगेत टाकायची जबाबदारी कुणाची? हसू नका. पंप विसरला, बापाने फोन केला, आईने तो उचलला नाही, मूल रात्री दवाखान्यात, आणि सोमवारी दोन्हीकडचे वकील अर्ज टाइप करतायत, असं होतं.

रोजच्या संपर्काचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये म्हटलं की आईवडील वेगवेगळ्या गावी किंवा देशांत असतील तर नुसती भेट पुरत नाही. ज्याच्याकडे मूल नाही त्याला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यायला हवं, शक्यतो व्हिडिओ कॉलवर. आईबाप दोघांचाही लळा मिळणं हा मुलाचा हक्क आहे, असं त्या निकालात आहे. फोनची वेळ कागदावर असली की "झोपला", "क्लासला गेला", "चार्जिंग नव्हतं" ही रोजची उत्तरं कमी होतात. बंद होत नाहीत, पण कमी होतात.

दोघांनी मिळून ताबा घेता येतो का? आपसांत ठरवलं तर येतो, आणि न्यायालयंही आता तसे आदेश देतात. न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने मे २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताबा कायद्यात आणा, अशी शिफारस केली होती. तसा कायदा झाला नाही. मला स्वतःला आठवड्याची अर्धी-अर्धी वाटणी सगळ्यांना जमेल असं वाटत नाही. एकाचं घर डोंबिवलीला आणि दुसऱ्याचं पनवेलला असेल, तर मुलाचं अर्धं बालपण प्रवासात जाईल. एकाच गावात, शाळेच्या आसपास दोन्ही घरं असतील तर गोष्ट वेगळी.

आणि भेट देणंच धोक्याचं असेल तर? मारहाण, लैंगिक त्रास, दारू यांचा पुरावा असेल तर न्यायालय भेट नाकारू शकतं, किंवा कुणाच्या तरी देखरेखीखाली, न्यायालयाच्या आवारातच ठेवू शकतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तात्पुरता ताबा देण्याची सोय आहे, आणि भेटीने मुलाला इजा होईल असं दिसलं तर ती रोखण्याचीही. पण हे न्यायालयाकडून करून घ्यायचं असतं. आपणच दाराला कडी लावली, की खरी भीतीही हट्टासारखी दिसायला लागते.

आकडा कसा ठरतो

ऑस्ट्रेलियात आणि ब्रिटनमध्ये सरकारी यंत्रणा आईबापांचं उत्पन्न (ब्रिटनमध्ये फक्त पैसे देणाऱ्याचं) आणि मूल कुणाकडे किती रात्री राहतं हे सूत्रात घालून मुलाची रक्कम काढून देते. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना आपल्या पद्धतीचा अचंबा वाटतो, कारण आपल्याकडे असं सूत्रच नाही. पगाराच्या २५ टक्के हा आकडा सगळीकडे फिरतो. तो पत्नीच्या पोटगीच्या निकालांतून आलेला ढोबळ अंदाज आहे, आणि मुलाला तो तसाच लावायला काही आधार नाही.

इथे एक नागपूरचं प्रकरण माहीत असायला हवं. वकील त्याला "रजनेश विरुद्ध नेहा" म्हणतात. पत्नीने २०१३ मध्ये स्वतःसाठी आणि लहानग्या मुलासाठी पोटगीचा अर्ज केला. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने पत्नीला दरमहा १५,००० रुपये आणि मुलाला आधी ५,००० व सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये, असा अंतरिम आदेश दिला. अंतरिम म्हणजे मुख्य निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता. त्या तात्पुरत्या रकमेवरचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात जाऊन मिटला तो नोव्हेंबर २०२० मध्ये! अर्ज केला तेव्हा जे मूल तान्हं होतं, ते तोवर शाळेत जायला लागलं होतं.

त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले. दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता, कर्जं आणि खर्च यांचं ठरावीक नमुन्यातलं प्रतिज्ञापत्र द्यायचं. शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. समोरच्याने चार आठवड्यांत आपलं द्यायचं. अंतरिम अर्ज चार ते सहा महिन्यांत निकाली निघावा. आणि पोटगी निकालाच्या तारखेपासून नाही, अर्ज केल्याच्या तारखेपासून लागू व्हावी. हा शेवटचा नियम फार मोलाचा, कारण आधी तारखा लांबवणाऱ्याचा दर महिन्याला फायदाच होत असे.

या प्रतिज्ञापत्रात मुलाच्या खर्चाचा रकाना असतो आणि लोक तिथे "अंदाजे २०,०००" लिहून मोकळे होतात. असं लिहू नका. शाळेची वार्षिक फी भागिले १२. व्हॅन. वह्या-पुस्तकं, गणवेश, वर्षातून दोनदा बूट. क्लास. दूध, फळं, डबा. दवाखाना, दातांचं काम, विम्याचा हप्ता. घरभाड्यात मुलाचा वाटा. सांभाळायला ठेवलेल्या मावशींचा पगार. पावत्या जोडल्या की आकडा भक्कम होतो.

समजा हे सगळं मिळून महिन्याला १८,००० येतात. बापाच्या हातात ६०,००० पडतात, आईच्या हातात ३०,०००. दोघंही कमावते असतील तर मुलाचा खर्च मिळकतीच्या प्रमाणात वाटायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलंय. इथे प्रमाण दोनास एक, म्हणजे बापाचे १२,००० आणि आईचे ६,०००. "ती कमावते, मग मी का देऊ?" या नेहमीच्या आक्षेपाचं उत्तर याच हिशेबात आहे: तिची कमाई तुमचा वाटा कमी करते, पुसून टाकत नाही. आई मुलासाठी रोज जे राबते त्याचा पगार कुठल्याच रकान्यात येत नाही, पण न्यायाधीशांनी तेही बघायचं असतं.

हातातला पगार मोजताना प्राप्तिकर आणि सक्तीची भविष्यनिर्वाह निधीची कपात वजा होते. स्वतःहून काढलेल्या गाडीच्या कर्जाचा हप्ता सहसा वजा होत नाही. अर्ज आल्यावर अचानक कर्ज काढणारे काही कमी नाहीत, आणि न्यायाधीशांना तारखा वाचता येतात.

नोकरीच सोडली तर? धडधाकट माणसाने, मग अंगमेहनत करून का होईना, कमावून बायकोमुलांना पोसायलाच हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा सांगितलंय. राजीनाम्याची तारीख नोटिशीनंतरची असेल तर तो राजीनामा बचावापेक्षा पुरावाच जास्त ठरतो.

"एकरकमी देऊन टाकले, विषय संपला"

घटस्फोटाच्या वेळी आई लिहून देते: "मला किंवा मुलाला यापुढे काहीही नको." आईने स्वतःपुरतं सोडलं असेल. मुलाचा हक्क सोडून देण्याचा अधिकार तिला नाही, कारण तो तिचा नाहीच. पाच वर्षांनी मुलाच्या नावाने अर्ज झाला तर न्यायालय तो ऐकतं. बापांना ही फसवणूक वाटते, आणि मला त्यांचा राग कळतो. म्हणूनच मुलाची रक्कम पत्नीच्या एकरकमी पोटगीत मिसळायची नाही. ती वेगळ्या कलमात, मुलाच्या नावाने, दरवर्षी किती टक्के वाढेल हे लिहून, आणि फी शक्यतो थेट शाळेच्या खात्यात, अशी मांडली की पुढे दोघांनाही हिशेब दाखवता येतो. "माझ्या पैशावर ती मजा करते" या तक्रारीवरही फी थेट भरणं हाच सगळ्यात सोपा इलाज आहे.

पोटगी थकली तर

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली. आकडा बदलला, आशय जवळपास तोच. हे कलम सर्व धर्मांच्या मुलांना लागू आहे, आणि आईबापांचं लग्न झालं नसेल तरीही. मुस्लिम मुलांनाही सज्ञान होईपर्यंत ही पोटगी मिळते, हे १९९७ मध्येच ठरलंय. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे हा अर्ज प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येतो. आई आणि मूल आत्ता जिथे राहतात तिथेच करता येतो, सासरच्या गावी खेपा घालाव्या लागत नाहीत.

आदेश होऊनही पैसे आले नाहीत तर वसुलीचा अर्ज करायचा, आणि रक्कम थकल्यापासून एका वर्षाच्या आत करायचा. "देईल हळूहळू" म्हणत दोन वर्षं गप्प बसलेल्यांची या कलमाखालची जुनी थकबाकी इथेच अडकते. न्यायालय वॉरंट काढतं, आणि तरीही पैसे नाहीत तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली की देणं फिटलं, असा एक समज आहे. १९८९ च्या निकालाने तो खोडून काढलाय: तुरुंग हा वसुलीचा मार्ग आहे, पैसे दिल्यावरच थकबाकी मिटते. नोकरदार असेल तर पगारातून परस्पर कपातीचा आदेश मागता येतो, आणि खरं सांगायचं तर वॉरंटपेक्षा तोच जास्त कामाचा.

भेटीचा आदेश मोडला तर उलट बाजूलाही मार्ग आहेत. अंमलबजावणीसाठी अर्ज, बुडालेल्या भेटी भरून मागणं, अवमानाची कारवाई. वारंवार मोडत राहिलं तर ताब्याचा फेरविचारही. पैसे थांबवणं हा त्यातला मार्ग नाही. थांबवलेत, तर पुढच्या तारखेला भेटीचा विषय बाजूला पडतो आणि थकबाकीवरच बोलणं होतं.

अठरा पूर्ण झाल्यावर

कलम १४४ मधली मुलाची पोटगी साधारणपणे सज्ञान होईपर्यंत, म्हणजे १८ पर्यंत. शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळे स्वतः कमावता न येणाऱ्या मुलासाठी ती पुढेही चालते. हिंदू कुटुंबातल्या अविवाहित मुलीला, तिचं स्वतःचं भागत नसेल तर, दत्तक व निर्वाह कायद्याखाली लग्न होईपर्यंत वडिलांकडे मागता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय. मुलग्याच्या बाबतीत मात्र अडचण आहे. बारावी होता होता १८ पूर्ण होतात आणि खरा खर्च तर तिथून सुरू होतो. म्हणून तडजोडपत्रात "सज्ञान होईपर्यंत" एवढंच न लिहिता "पदवी पूर्ण होईपर्यंत" असं लिहून घ्यावं, आणि वसतिगृहाचा खर्च त्यात धरावा. आज मूल चार वर्षांचं असताना हे कलम फाजील वाटतं, पण तेव्हाच ते सहज मान्यही होतं.

एक जण परदेशात असेल तर

पुण्यातली मुलगी, न्यू जर्सीतला संसार, तिकडे जन्मलेलं मूल. नातं तुटतं आणि ती मुलाला घेऊन माहेरी येते. किंवा तो मुलाला आजीकडे सोडून परत जातो. मुलांना एका देशातून दुसऱ्या देशात परस्पर नेण्याबद्दल १९८० चा हेग करार आहे. भारताने त्यावर सही केलेली नाही, त्यामुळे तिकडच्या न्यायालयाने मूल परत पाठवा म्हटलं की इथे ते आपोआप लागू होत नाही. इथलं न्यायालय तो आदेश विचारात घेतं आणि तरीही मुलाच्या हिताचा स्वतंत्र विचार करतं. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे ठामपणे मांडलंय. पण याचा अर्थ भारतात येऊन बसलं की जिंकलं, असा नव्हे. मुलाला परत पाठवण्याचे आदेशही झालेले आहेत, आणि तिकडच्या देशात आपल्यावर अपहरणाचा गुन्हा नोंदला गेला असेल तर पुढे विमानतळावर उतरणंच कठीण होतं. विमानाचं तिकीट काढण्याआधी तिकडच्या वकिलाशी बोलावं.

आदेश कायमचा नसतो

घटस्फोट एकदा झाला की झाला. ताबा, भेट आणि पोटगी यांचे आदेश मात्र मुलाबरोबर वाढतात. बदली झाली, पगार वाढला किंवा गेला, एकाने दुसरं लग्न केलं, मूल बोर्डिंगला गेलं, की बदलासाठी अर्ज करता येतो. दुसऱ्या लग्नामुळे आईचा ताबा आपोआप जात नाही आणि बापाची पोटगी आपोआप थांबत नाही. नव्या घरात मूल कसं आहे ते बघितलं जातं.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. बायका आणि मुलं यांना तिथे मोफत वकील मिळतो, त्यांचं उत्पन्न कितीही असो. बहुतेक पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा आहे. जाताना मुलाचा जन्मदाखला, लग्नाचा पुरावा असेल तर तो, शाळेच्या फीच्या पावत्या, दवाखान्याची बिलं आणि बँकेचं पासबुक न्या. समोरच्याच्या पगाराचा पुरावा नसेल तर अडून बसू नका. तो कुठे नोकरी करतो एवढं सांगता आलं तरी अर्ज दाखल होतो, आणि पोटगी त्या दिवसापासून मोजली जाते.